अकरा नंबरच्या चौकटीतला तेरडा

तरोट्याला पिवळी फुलं आली की मला रस्त्याकडे बघवत नाही. नांदेडहून नायगावला माहेरी जाताना दोन्ही बाजूंना तो नुसता माजलेला असतो. पाऊस ओसरत आलेला, ऊन पुन्हा चटके द्यायला लागलेलं, मूग-उडीद निघून गेलेले, आणि मोकळी जागा दिसेल तिथं हा बेशरम पिवळा तरोटा. नवरा गाडी चालवता चालवता म्हणतो, "काय फुललंय बघ!" मी मोबाइलमध्ये तोंड खुपसते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याला मी याचं कारण सांगितलेलं नाही. लाज वाटते, दुसरं काय!

चाळिशी ओलांडून पार पन्नाशीला टेकलेली बाई मी. नांदेडला कोचिंग क्लासमध्ये बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते. माझा दरारा आहे. पोरं मला बघून बाकावरून पाय खाली घेतात. आणि अशी बाई एका रानफुलाच्या हंगामात मान खाली घालून बसते, हे कुणाला खरं वाटेल?

आम्ही बारावीला होतो त्या वर्षी भूकंपाला दोन वर्षं होत आली होती. मी नायगावची. "पोरगी हुशार हाय, लातूरला टाका," असं जो तो वडिलांना सांगायचा, तसं त्यांनी टाकलं. त्या काळी लातूरला टाकणं म्हणजे पोर डॉक्टर झाल्यात जमा असायचं. शहरभर भिंतींवर क्लासच्या जाहिराती होत्या. ज्या भिंतींना भूकंपानं चिरा पाडल्या होत्या, त्याच चिरांवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो चिकटवलेले. आमची घरमालकीण तर अजूनही आतल्या खोलीत झोपायची नाही. व्हरांड्यात बाज टाकायची आणि आम्हाला म्हणायची, "पोरींनो, दाराची कडी लावू नका गं. पळायचं झालं तर?" आम्ही हसायचो. आम्हाला पळायचं होतं, पण ते मेडिकलच्या दिशेनं.

खोलीत माझ्यासोबत नसरीन होती. उदगीरची, वडील शिंपी. घरात दखनी बोलणारी, वर्गात माझ्यापेक्षा शुद्ध मराठी लिहिणारी आणि माझ्यावर चिडली की हमखास दखनीवर येणारी. तिच्या उशीखाली एक टेप असायची, वडिलांची, कापड मोजायची. तिला मापात खोट चालायची नाही. हे मी आज म्हणते आहे. तेव्हा मला ती नुसती किरकिरी वाटायची.

आणि आम्हाला बिराजदार सर होते.

कॉलेजातले बाकीचे मास्तर धडा सांगायचे, प्रश्न लिहून द्यायचे, उत्तरं लिहून द्यायचे. पोरांनाही तेच हवं होतं. बिराजदार सर मात्र परिसंस्थेचा धडा आला की पुस्तक मिटायचे. सुतळीचा बिंडा, चार खुंट्या आणि एक जुनी पट्टी घेऊन वर्गात यायचे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी सुतळीची चौकट जमिनीवर ठोकायची, आणि तिच्या आत जे जे उगवलं असेल ते नावानिशी मोजून वहीत उतरवायचं. एक आड एक रविवार, अशा पाच खेपा. "निसर्ग तोंडपाठ करायचा नसतो," ते म्हणायचे. "गुडघे टेकून मोजायचा असतो. न मोजलेला आकडा वहीत लिहिला तर मी वही फाडीन." बाकी तसा गरीब माणूस, पण हे बोलताना आवाज चढायचा.

चौकटी ठोकायला त्यांनी आम्हाला कुठं नेलं? औसा तालुक्यातल्या एका पडलेल्या गावात. लोक नव्या गावठाणात गेलेले, काही अजून पत्र्याच्या शेडात, आणि जुन्या घरांची पांढरी तशीच सोडून दिलेली. एसटीतून उतरून अर्धा कोस चालत गेलो, तेव्हा आम्ही पोरी खिदळत होतो. समोर ते गाव दिसलं आणि सगळ्यांचे आवाज बंद झाले. काळ्या दगडांचे ढीग. माळवदाची माती पावसानं वितळून खाली बसलेली. त्यावर धोतरा, एरंड, रुई, आघाडा, आणि सगळीकडे तो तरोटा. एका ढिगातून चुलीचं तोंड दिसत होतं. मी खाली वाकले तर हिरव्या बांगडीचा तुकडा हाताला लागला.

"हात लावायचा न्हाई," सर मागून म्हणाले. "फक्त मोजायचं. माणसं गेल्यावर त्या जागी आधी काय येतं, मग काय येतं, एवढं बघायला आपण आलो."

आम्हा दोघींना अकरा नंबरची चौकट मिळाली. एका घराचं अंगण असावं. कडेला जात्याची खालची तळी पडलेली होती. पहिल्या दोन खेपा आम्ही मन लावून केल्या, हे मी शपथेवर सांगेन. नसरीन गुडघ्यावर बसून एकेक रोप बोटानं बाजूला सारत मोजायची, मी आमच्या जोडीच्या एकाच वहीत लिहायची. तरोटा तेवीस, आघाडा सात, केना चार, गाजरगवत नऊ. ओल्या मातीचा तो वास, मानेवर भाजणारं ऊन, मोज्यात घुसलेली कुसळं. दुपारी बांधावर बसून आम्ही ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सरांनी आपल्या डब्यातलं धपाटं आम्हाला दिलं. किती दिवसांनी पुस्तकाबाहेर काहीतरी केलं होतं! त्या दिवशी मी खरंच खूश होते. त्यानंतर वनस्पतिशास्त्र घेऊन मी पदवी घेतली, दोन डझन वर्षं शिकवते आहे, पण वनस्पतीकडे नीट बघितलं असेल तर त्या दोन रविवारी.

मग क्लासवाल्यांनी रविवारची परीक्षा सुरू केली. दर रविवारी तीन तासांचा पेपर, आणि सोमवारी दारावर नावांची यादी. वर नाव असलं की क्लासचे संचालक स्वतः बोलायचे, खाली असलं की आपल्याशी रूममेटसुद्धा जपून बोलायची. कॉलेजनंही मग आपली रविवारची परीक्षा काढली आणि बिराजदार सरांना दिवसभर पर्यवेक्षक म्हणून बसवलं. सर वर्गात येऊन म्हणाले, "मला आता येता येणार न्हाई. पेपर झाला की तुम्ही दोघं-दोघं एसटीनं जा. मी मागं लागणार न्हाई. तुमच्यावर भरवसा हाय."

भरवसा! सतरा-अठरा वर्षांच्या, पहिल्या यादीत नाव आणायला आसुसलेल्या पोरांवर!

तिसऱ्या खेपेला आम्ही गेलो नाही. चौथ्याला गेलो नाही. नसरीन म्हणाली, "दो खेपे का जो है वोच लिख. बाकी खाली छोड." मी कसली सोडते? माझी वही कोरी दिसली तर माझा जीव वर-खाली. माझी मावशी चिपळूणला होती. तिच्या मुलानं वर्षभर आधी बारावी केली होती, त्याची प्रात्यक्षिकाची वही मी मागवून घेतली. सुंदर वही. रेघा सरळ, आकडे टपोरे. क्लासच्या जिन्यावर बसून, पेपर सुरू व्हायला वीस मिनिटं असताना, मी त्यातले आकडे इकडे उतरवले. कोकणातली अगडबंब नावं वगळली, एवढी अक्कल होती. तरोटा होता, आघाडा होता, ते घेतले. आणि घाईत एक ओळ तशीच उतरली: तेरडा, चार.

नसरीननं वही बघितली आणि कपाळावर हात मारला. "क्या गे, तेरडा कायकू लिखी? अपने इधर वो गमले में उगता."

"कोण बघतंय?" मी म्हणाले.

सर बघत होते. त्यांनी चाळीस वह्यांतली एकेक ओळ वाचली होती. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. माझी वही उघडी होती आणि त्यांचं बोट त्या ओळीवर होतं.

"सविता, हा तेरडा अकरा नंबरात होता?"

आता इथं खरं बोलायला किती वेळ लागला असता? सर, चुकून लिहिलं. संपलं. फार तर वही फाडली असती. पण माझ्या तोंडातून "हो सर" निघून गेलं.

"चार रोपं? नीट बघितलीस?"

"हो सर."

"फुलं होती?"

शेजारून नसरीननं माझ्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला. मी म्हणाले, "होती. गुलाबी."

सरांनी चष्मा काढला. खिडकीकडे तोंड करून तो रुमालानं पुसत राहिले, पुसतच राहिले. मग वळून म्हणाले, "शाब्बास. बारीक नजर हाय तुझी." आणि माझ्या वहीत त्या ओळीखाली लाल शाईनं रेघ मारली. मला वाटलं, सुटले! जिना उतरताना मी चक्क हसले. मला ते हसू आज आठवतं तेव्हा स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

पुढच्या रविवारी सर पर्यवेक्षणाला आलेच नाहीत. प्राचार्यांनी त्यांच्या नावानं खुलासा मागवला, हे शिपायाकडून सगळ्या वर्गाला कळलं. सोमवारी ते मला व्हरांड्यात भेटले. पँटचे गुडघे मळलेले.

"सापडला न्हाई गं. नेमका कुठं होता?"

"जात्याच्या तळीपाशी," मी म्हणाले. एकदा जीभ रेटायची सवय लागली की ती आपोआप चालते. "शेळ्या फिरतात सर तिथं. त्यांनी खाल्ला असेल."

"हां. शेळ्या. बरोबर हाय." त्यांनी गुडघ्यावरची माती झटकली. मग अगदी सहज, आज कोणता तास आहे हे सांगावं तसं म्हणाले, "ते अंगण माझ्या भावाचं. वहिनी दारात तेरडा लावायच्या दरवर्षी. गुलाबीच. त्या रात्री घरात होतं त्यातलं कुणी राहिलं न्हाई, पण बी राहिलं म्हणायचं मातीत. दोन वर्षांनी आलं वर."

नसरीन मला ओढत पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेली. तिचे डोळे भरून आले होते. "अब्बी जा. अब्बी के अब्बी बोल के आ. नक्को सविता, ऐसा नक्को कर."

मी गेले नाही. मी तिला म्हणाले की प्रात्यक्षिकाचे गुण त्यांच्या हातात आहेत. ते खरं होतंच. पण खरं कारण ते नव्हतं. मला त्यांचा तो चेहरा मोडायची हिंमत नव्हती, आणि वही फाडली गेली तर वर्गात होणाऱ्या शोभेची भीती होती. दोन्ही एकत्र होतं, आणि दुसरं जास्त होतं. नसरीननं महिनाभर माझ्याशी अबोला धरला. एका खोलीत, एका दिव्याखाली, दोघी पाठ करून अभ्यास करायचो.

पाचव्या खेपेच्या वेळी सर बाभळीच्या काट्या बांधून एसटीनं गेले. कंडक्टरशी त्यांचं वाजलं म्हणे, काट्या गाडीत घेण्यावरून. शेळ्यांनी परत खाऊ नये म्हणून त्यांनी जात्याच्या तळीभोवती कुंपण केलं. सोमवारी फळ्यावर लिहिताना त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत ओरखडे दिसत होते. काही ओरखड्यांवर रक्त सुकलेलं होतं. मी पहिल्या बाकावर बसून ते फळ्यावर लिहीत होते ते उतरवून घेत होते. अक्षर माझं नेहमीसारखंच चांगलं आलं.

माझ्या त्या वहीला पैकीच्या पैकी गुण मिळाले. मेडिकलला मात्र माझा नंबर लागला नाही. थोडक्यात हुकला, असं घरचे अजून म्हणतात. मी पदवी घेतली, लग्न झालं, नांदेडला आले, क्लासमध्ये लागले. लोकांना सांगायला मी म्हणते की मला शिकवायची आवड होती. खरं म्हणजे मला दुसरं काही येत नव्हतं. आणि परिसंस्थेचा धडा आला की मी काय करते? एक कागद वाटते. त्यावर चौकट छापलेली, वनस्पतींची नावं छापलेली, आकडे छापलेले. पोरं उतरवून घेतात. कुणाला गुडघे टेकायला लागत नाहीत. पालक खूश, संचालक खूश.

या वर्षी किनवटकडची एक मुलगी आली आहे. वसतिगृहात राहून शिकलेली, अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. तिच्या वहीत माझ्या कागदातलं एकही नाव नव्हतं. भलतीच झाडं, भलतेच आकडे, कडेला पानांची चित्रं. मी भर वर्गात वही उंच धरली. "हे कुठून आणलंस गं? कागदातलं लिहायला काय झालं होतं?"

ती उभी राहिली. "मॅडम, सुट्टीत गावाकडं गेल्ते. आमच्या रानात मोजलं मी."

"शहाणपणा करू नकोस. परीक्षक हे मान्य करत नाहीत. परत लिही."

"बरं मॅडम," ती म्हणाली आणि वही घेऊन खाली बसली. पोरं हसली. मी फळ्याकडे वळले. खडू हातात तसाच. मी तास अर्ध्यावर सोडला. चाकरीत पहिल्यांदा.

त्या दिवशी संध्याकाळी मी नसरीनला फोन केला. ती उदगीरला शाळेत शिकवते. दोन पोरांची आई, अजून तशीच किरकिरी. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "सर हैं अभी. लातूर में हैं. जा के बोल दे सविता. तू अकेली कब तक लेके फिरेगी?"

शनिवारी मी लातूरला गेले. सरांनी दार उघडलं. केस पार पांढरे, पाठ थोडी वाकलेली, पण ओळखलं लगेच. "अरे, अकरा नंबर! ये, ये. अहो, बघा कोण आलंय!" आत काकूंना हाक मारली. मला खुर्चीवर बसवलं. कुठं असते, काय करते, मुलं किती, सगळं विचारलं. मी वनस्पती शिकवते म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "पोरांना नेत असशील मग बाहेर!" मी आपली पर्सची चेन लावत-काढत बसले. काकू चहा टाकायला आत गेल्या, आणि मी विचार न करता सांगून टाकलं. जिना, चिपळूणची वही, वीस मिनिटं, घाईत उतरलेली ती ओळ. गुलाबी रंग. शेळ्या. सगळं.

सर ऐकत होते. मी रडत होते, ते मात्र अगदी शांत होते. बोलणं संपल्यावर त्यांनी प्रश्न विचारले, वहीतले आकडे तपासावेत तसे.

"तिसऱ्या खेपेला गेलाच न्हवतात?"

"नाही सर."

"चौथ्याला?"

"नाही."

"आणि गुलाबी?"

"तोंडाला आलं ते बोलले सर."

त्यांनी मान हलवली. "बरं." थोड्या वेळानं परत म्हणाले, "बरं." मला वाटलं आता रागावतील. रागवावं असं वाटत होतं. इतक्या वर्षांनी का होईना, वही फाडावी.

"मला माफ करा सर."

"तुला काय, तू लहान होतीस," ते म्हणाले. "तुझं झालं आता मोकळं. मी मंगलचा विचार करायलोय."

मंगल म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी. मला तोवर ती होती हेच माहीत नव्हतं. शिकायला बाहेरगावी वसतिगृहात होती, म्हणून एकटी वाचली.

"तिच्याकडं आईचं काही न्हाई. फोटोसुद्धा निघाला न्हाई ढिगातून. त्या वर्षी मी तिला सांगितलं, तुझ्या आईचा तेरडा आला होता. माझ्या विद्यार्थिनीनं मोजलाय, चार रोपं. तेव्हा पहिल्यांदा रडली ती. तोवर रडलीच न्हवती." सर बोलत होते आणि मला खुर्चीत बसवत नव्हतं. "आता सोलापूरला असते. दरवर्षी ह्या दिवसात येते, आम्ही दोघं जातो तिथं. सापडत न्हाई काही, पण ती म्हणते, काका, एकदा आला म्हणजे परत येईल. आता तिची लेकरं पण येतात. आज्जीची फुलं शोधायला."

"मी सांगते तिला," मी म्हणाले. "मी पाया पडते तिच्या. मी थांबते सर."

"नगं." त्यांनी हात वर केला. "तिला न्हाई सांगायचं. उद्या येणार हाय ती." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मी आजवर तिला जे सांगितलं, ते मला खरं वाटत होतं म्हणून सांगितलं. उद्यापासून मला ते खोटं हाय हे माहीत असून सांगावं लागंल. जमतंय का बघतो."

काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. माझे डोळे बघितले, सरांकडे बघितलं.

"काय झालं हो? काय बोलायलात एवढं दोघं?"

सरांनी माझा कप उचलून माझ्यापुढे ठेवला आणि काकूंकडे न बघता म्हणाले, "काही न्हाई. वर्गातल्या जुन्या गोष्टी."